पिंपांचा कारखाना, माणसांचं आवार

जुन्या इमारतीला नवं आयुष्य देणाऱ्या वास्तुकाराची परीक्षा आराखड्याच्या आधीच सुरू होते. पडीक जागेत पाऊल टाकल्यावर त्याला काय दिसतं, यातच पुढचं बरंच काही ठरून जातं. लीना बो बार्दी १९७६ साली साओ पाउलो शहरातल्या एका बंद कारखान्यात पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांना सांगाडा दिसला. काँक्रीटचे सडपातळ खांब, त्यांवर तोललेल्या तुळया, मधे भरलेल्या विटांच्या भिंती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कारखान्यांच्या धर्तीवर बेतलेली आणि काँक्रीटच्या बांधकामाचा आद्य प्रवर्तक फ्रांस्वा एनबीक याच्या पद्धतीशी नातं सांगणारी ती रचना पाहून त्यांचा जाणकार डोळा सुखावला. मग एका शनिवारी त्या पुन्हा गेल्या. या वेळी शेडमध्ये मुलं धावत होती. गळक्या छपराखाली पोरांचा फुटबॉल रंगला होता आणि अंगावर पडणाऱ्या पावसाचीही त्यांना मजा वाटत होती. रस्त्याकडच्या तोंडाशी आया मांस भाजत होत्या, पाव भरून देत होत्या. जवळच बाहुल्यांचा खेळ चालला होता. हे सगळं असंच, याच आनंदासकट चालू राहायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. काय राखायचं ते पहिल्या भेटीनं सांगितलं आणि कशासाठी राखायचं ते दुसरीनं. पोंपेया भागातल्या या कारखान्याची आजची वास्तू पाहताना या दोन नजरा सतत सोबत ठेवाव्यात. तिच्या प्रत्येक बारकाव्यात त्या एकमेकींना भेटलेल्या दिसतात.

कारखाना मूळचा पिंपांचा. १९३८ सालचा आराखडा, मौझर बंधूंची मालकी. पुढे तिथेच जेलोमाटिक नावाचे रॉकेलवर चालणारे फ्रीज तयार होऊ लागले. उत्पादन थांबल्यावर सत्तरच्या दशकात जागा सेस्ककडे आली. सेस्क ही १९४६ साली स्थापन झालेली ब्राझीलमधली संस्था. व्यापारउदिमातल्या मालकांनी पगारपटाच्या दीड टक्का रक्कम द्यायची आणि त्यातून नोकरदारांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या खेळाची, कलेची, आरोग्याची सोय व्हायची, अशी तिची बांधणी. जुन्या शेड पाडून नवं संकुल उभारावं, असाही विचार तिथे होता. काम लीनाबाईंकडे आलं आणि तो विचार मागे पडला. लीनाबाई जन्मानं रोमच्या, १९१४ सालच्या. नवऱ्याबरोबर १९४६ मध्ये ब्राझीलला आल्या आणि १९५१ साली तिथल्या नागरिक झाल्या. साओ पाउलोचं कलासंग्रहालय रस्त्यापासून उचलून त्यांनी चार खांबांवर तोलून धरलं होतं. त्याआधी साल्वादोर शहरात सोलार दो उन्यांव या समुद्राकाठच्या जुन्या साखर-संकुलाचं त्यांनी संग्रहालय केलं होतं. तिथे त्यांनी एक लाकडी जिना घातला. त्याच्या पायऱ्या खिळ्यांवर टेकलेल्या नाहीत. बैलगाडी जोडणाऱ्या सुतारांच्या पद्धतीनं खाच, कूस आणि पाचर यांवर त्या उभ्या आहेत. ज्या इमारतीत गाड्या भरून साखर येत-जात असेल, तिच्या पोटात गाडीवानाच्या जोडणीचा जिना! जुन्याची नक्कल न करता जुन्याच्या कुळातलं काहीतरी नवं घडवण्याची ही हातोटी पोंपेयात तिच्या पूर्ण बहरात भेटते.

पहिला बारकावा भिंतीवरचा आहे. कोणी अशी जागा हाती घेतली की आधी रंगाचा डबा उघडतो. लीनाबाईंनी उलटं केलं. भिंतींवरचा गिलावा आणि रंगाचे थर उतरवले, वाळूच्या माऱ्यानं पृष्ठभाग स्वच्छ करून घेतला. खाली वीट निघाली. विटेला विभागणारे काँक्रीटचे खांब आणि पट्टे निघाले. गिलाव्याखाली सगळं एकसारखं सपाट दिसत होतं. आता भार कोण वाहतंय आणि नुसतं अंतर कोण भरतंय, हे अभियांत्रिकी न शिकलेल्यालाही कळतं. खांबाचा राखाडी, विटेचा तांबूस, आणि दोहोंमधली रेघ. इतक्या थोड्या गोष्टींवर भिंत सुंदर दिसते, कारण ती आपलं काम उघड करून उभी आहे. शिवाय ती नवी कोरी केलेली नाही. विटांचे कोपरे झिजलेले आहेत, छटा एकसारख्या नाहीत, जिथे डागडुजी झाली तिथे ती दिसते. जुनेपणाला लेप लावून चकाकी आणणं वेगळं आणि त्याच्या अंगावरचं झाकण काढून बाजूला होणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारासाठी हात थांबवता यावा लागतो, आणि थांबलेल्या हाताची कारागिरी पाहायला आपणही थोडं थांबावं लागतं.

क्लेलिया रस्त्यावरून आत शिरलं की समोर पुन्हा रस्ताच येतो, ही या वास्तूची दुसरी खुबी. भव्य दालन नाही, वाट अडवणारी तिकीटखिडकी नाही. कारखान्याच्या दोन्ही बाजूंच्या शेडच्या मधून जाणारी मूळची गल्ली तशीच सरळ पुढे गेलेली आहे. जमिनीला दगडी फरसबंदी, आणि कडेनं पावसाचं पाणी वाहून नेणारी उघडी पन्हळ. या पन्हळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही; जायला हवं. तिच्यात नदीतले गोल गोटे बसवलेले आहेत. पाऊस पडला की पाणी गोट्यांवरून खळाळत जातं आणि एरवी कोरडी असतानाही पाण्याची वाट डोळ्यांना दिसत राहते. गटार झाकावं, लपवावं, ही आपली सर्वसाधारण बुद्धी. इथे तेच गटार रस्त्याचा काठ झालं, मुलांचा कागदी होड्यांचा ओढा होऊ शकलं आणि छपराचं पाणी जमिनीपर्यंत कसं येतं याचा धडाही झालं. एका ओळीच्या दगडकामातून तीन कामं काढणाऱ्या रचनेला काटकसरीचं सौंदर्य म्हणावं, तर ते हेच.

गल्लीच्या एका अंगाला मोठं दालन आहे. त्यात शिरताना आधी वर पाहावं. कौलारू छपरात मधेमधे काचेची कौलं बसवलेली आहेत. कोकणातल्या माजघरात किंवा स्वयंपाकघरात कौलारातून उतरणारा उजेडाचा तिरका पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा उजेड ओळखीचा वाटेल. दिवस वर चढतो तसा तो जमिनीवरून सरकतो आणि एवढ्या मोठ्या जागेला वेळेचं भान देतो. मग खाली पाहावं. दगडी जमिनीतून एक उथळ पाणवठा वळणं घेत गेलेला आहे. काठ सरळ नाहीत; लहर आली तसे ते आत-बाहेर वळतात. लीनाबाईंनी त्याला साओ फ्रान्सिस्को हे नाव दिलं. ब्राझीलच्या ईशान्येकडचा कोरडा मुलूख जगवणाऱ्या नदीचं हे नाव. त्याच ईशान्य भागातून माणसांचे लोंढे साओ पाउलोच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आले होते. लालबाग-परळच्या एखाद्या गिरणीच्या जुन्या साचाखात्यात कोणी फरशीतून पाणी खेळवावं आणि त्याला वाशिष्ठीचं नाव द्यावं, तर तिथे येऊन बसलेल्या चिपळूणच्या म्हाताऱ्या कामगाराला जे वाटेल, ते या नावात आहे. स्मारकाचा एकही शब्द न लिहिता ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं त्यांचा मुलूख त्यांच्या पायाशी आणून ठेवला, ही केवढी हळुवार दाद!

त्याच दालनात पाण्यापासून थोड्या अंतरावर विस्तवाची जागा आहे, मोठी, उघडी शेकोटी. साओ पाउलोतली थंडी हाडं गोठवणारी नसते. शेकोटीची गरज ऊब मिळवण्यापुरती नाही. माणसं विस्तवाभोवती बसतात आणि पाण्याकाठी रेंगाळतात, एवढा साधा मनुष्यस्वभाव या योजनेमागे आहे. प्रदर्शन पाहायला, पुस्तक वाचायला, बुद्धिबळाचा पट मांडायला, किंवा काहीच न करायला आलेला माणूस आपोआप या दोहोंपैकी एकाकडे खेचला जातो. दालनाला आतून भिंती घातलेल्याच नाहीत. वाचनाची जागा म्हणून काँक्रीटचे उंचावलेले माळे उभे केले आहेत, पण ते जुन्या भिंतींपासून सुटे, आपल्या पायांवर उभे आहेत. जुन्या विटेला कुठेही नव्या स्लॅबचा भार सोसावा लागत नाही. माळ्यावर बसलेल्या वाचकाला खालची वर्दळ दिसते आणि खालच्या मुलाला वर कोणीतरी वाचत बसलेलं दिसतं. वाचन ही इतरांच्या देखत, गलबल्याच्या शेजारी बसून करायची गोष्ट आहे, हे त्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही. खोल्या न करता अशा जागा निर्माण करणं हे या दालनातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि ते इतकं सहज जमलेलं आहे की ते काम आहे हेच लक्षात येत नाही.

नाट्यगृह पाहायचं तर आधी थोडी गैरसोय सोसायची तयारी हवी. रंगमंच मधोमध आहे आणि प्रेक्षक त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात. नटाच्या पाठीमागे पडदा नाही, दुसरे प्रेक्षक आहेत. म्हणजे नाटक पाहताना आपण नाटक पाहणारे चेहरेही पाहत असतो. कोण हसलं, कोण गलबललं, कोणाची नजर दुसरीकडे गेली, सगळं उघड. बसायला लाकडी खुर्च्या, त्यांना गादी नाही. यावर तक्रारी होणार हे लीनाबाईंना माहीत होतं आणि त्यांचं उत्तर तयार होतं. ग्रीक आणि रोमन प्रेक्षक उघड्यावर दगडी पायऱ्यांवर बसत, मध्ययुगातली नाटकं रस्त्यांवर आणि चौकांत होत, आणि गाद्या आल्या त्या अठराव्या शतकातल्या दरबारी नाट्यगृहांबरोबर. दशावतारासाठी रात्रभर देवळाच्या आवारात मांडी घालून बसणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नाही. गादीवरचा माणूस मागे रेलतो. लाकडी फळीवरचा माणूस पुढे झुकतो. प्रेक्षकाचं शरीर थोडं पुढे कलावं, म्हणून नाट्यगृहभर गादी नाकारण्याचं धाडस या वास्तुकारानं केलं, आणि ते खुर्चीच्या एका फळीत मावलं.

पुढच्या शेडमध्ये मातीकाम, विणकाम, सुतारकाम, छपाई, छायाचित्रण यांसारख्या कलांच्या कार्यशाळा आहेत. त्यांच्यामधल्या भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या आहेत आणि छपरापर्यंत गेलेल्या नाहीत. एका कप्प्यातला ठोकाठोकीचा आवाज दुसऱ्यात जातो, ओल्या मातीचा वास तिसऱ्यात. या भिंतींचे सांधे नीट पाहा. ठोकळा दाबून बसवताना बाहेर आलेला माल गवंड्यानं थापीनं कापून टाकलेला नाही. तो तसाच ओघळलेला, जाडसर राहू दिला आहे. कोणी म्हणेल, हे अर्धवट काम. पण जिथे माणसं हातानं काहीतरी घडवायला शिकणार आहेत, तिथली भिंतही हातानं घडलेली दिसावी, यात केवढं औचित्य आहे! घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीपुढे नवशिक्याला आपलं वेडंवाकडं मडकं लपवावंसं वाटलं असतं. या भिंतीपुढे ते मडकं घरच्या माणसांत आल्यासारखं वाटतं.

खानावळीत लांब, जाड पाइनच्या लाकडाची टेबलं आहेत. चार जणांचं आपलं टेबल धरून बसावं, अशी सोय मुद्दाम टाळलेली आहे. ताट घेऊन कोणाच्या तरी शेजारी बसावं लागतं. दिवसा जिथे नोकरदार जेवतात, तिथेच संध्याकाळी बिअर मिळते आणि गाणं-बजावणं होतं. फर्निचर, पाट्या, कर्मचाऱ्यांचे गणवेश, सुरुवातीच्या प्रदर्शनांची मांडणी, सगळ्यांवर लीनाबाईंचा हात आहे. १९८२ साली हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा ब्राझीलवर लष्करी राजवट होती आणि जमाव या शब्दालाच संशयाचा वास होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साओ पाउलोच्या उपनगरांतल्या पंक मुलांनी इथे दोन दिवसांचा संगीत महोत्सव भरवला. जगाच्या अंताची ही सुरुवात आहे, असं त्यांनी त्याचं नावच ठेवलं होतं. एकीकडे लाकडी खेळण्यांचं प्रदर्शन पाहणारी लहान मुलं, दुसरीकडे कातडी जाकिटांतली ही पोरं, आणि दोघांनाही आपलीशी वाटणारी एकच फरसबंद गल्ली. वास्तू मोकळी आहे की नाही हे आराखड्यावरून ठरत नाही. कोणाकोणाला तिथे यावंसं वाटलं यावरून ठरतं. पोंपेया या कसोटीला पहिल्याच वर्षी उतरली.

आता गल्लीच्या टोकाला यावं. इथे गोष्ट एकदम वेगळा सूर धरते. खेळांच्या इमारतीसाठी उरलेली जागा मोठी बिकट होती. आग्वा प्रेता नावाचा ओढा बंदिस्त नाल्यातून तिच्या मधोमध जात होता आणि त्यावर बांधकामाला बंदी होती. हातात राहिले दोन बाजूंचे दोन तुकडे. दुसऱ्या कोणी महापालिकेकडे सवलतीचे अर्ज केले असते. लीनाबाईंनी दोन तुकड्यांवर दोन मनोरे उभे केले, मधली जागा आकाशाला मोकळी सोडली आणि मनोरे वरच्यावर पुलांनी जोडले. नाल्यावर लाकडी फळ्यांचा लांब, रुंद मंच घातला. साओ पाउलोला समुद्र नाही. उन्हाच्या दिवशी लोक या फळ्यांवर टॉवेल पसरून, पोहण्याच्या कपड्यांत आडवे होतात. शहराच्या नियमानं जिथे इमारतीला मनाई केली, तिथे शहराला आपला समुद्रकिनारा मिळाला. अडचणीला संधी म्हणण्याची रीत सगळ्यांच्या तोंडी असते; अडचणीतून इतकं उनाड सुख काढणारा वास्तुकार विरळा.

मनोरे धिप्पाड आहेत, उघड्या काँक्रीटचे, सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे अंगावर वागवणारे. विटांच्या बुटक्या शेडच्या शेजारी असं काही उभं करताना बहुतेक जण विटेचा रंग तरी उसना घेतात. इथे ती उसनवारी नाही. जुन्यापुढे नम्र राहायचं आणि नवं बांधताना कचरायचं नाही, हा लीनाबाईंचा बाणा इथे पुरता कळतो. मोठ्या मनोऱ्यात तळाशी पोहण्याचा तलाव आणि वर एकावर एक खेळाची मैदानं. त्याच्या खिडक्या म्हणजे भिंतीला पडलेली वेडीवाकडी भगदाडं. नीट कापलेली चौकट नाही, काच नाही. लीनाबाईंना त्यांत आदिमानवाच्या गुहांची तोंडं दिसत. वारा एका अंगानं येतो, दुसऱ्या अंगानं जातो; वातानुकूलन यंत्रांशी त्यांचं कधी जमलंच नाही. भगदाडांच्या आतून लाल रंगाच्या लाकडी जाळ्या सरकतात. ऊन जाळीतून गाळून आत येतं आणि खेळणाऱ्यांच्या अंगावर चौकटी पाडतं. राखाडी भिंतीतला तो लाल रंग फारच थोडा आहे. एवढाच आहे म्हणून तो लांबून, गल्लीच्या त्या टोकावरूनही, आमंत्रण देतो. दुसऱ्या, लहान मनोऱ्याच्या खिडक्या चौकोनी आहेत, पण त्यांनाही रांग माहीत नाही. मूठभर चौकोन भिंतीवर उधळावेत आणि जिथे पडतील तिथे राहू द्यावेत, अशा त्या विखुरल्या आहेत. एका मनोऱ्यात आकार बेशिस्त आणि मांडणी सारखी, दुसऱ्यात आकार शिस्तीचा आणि मांडणी स्वैर. जोडीतल्या या उलटसुलट तोलाकडे लक्ष गेलं की काँक्रीटचे ते दोन राक्षस एकाएकी एकमेकांशी गप्पा मारताना दिसू लागतात.

त्या गप्पा चालतात पुलांवरून. आठ पूल, चार पातळ्यांवर, पूर्वताणित काँक्रीटचे. सर्वांत लांब पुलाचा पल्ला पंचवीस मीटरांचा. दर पातळीवर आकृती बदलते. कुठे दोन पूल एकाच दारातून निघून बेचकीसारखे फाकतात, कुठे दोन दारांतून निघून तिरके होत जातात. खालून पाहिलं तर त्यांच्या कडा आकाशाचे वेगवेगळे तुकडे करतात. पण खरा बारकावा त्यांच्या वापरात आहे. कपडे बदलण्याच्या खोल्या लहान मनोऱ्यात आणि मैदानं मोठ्यात. म्हणजे खेळायला निघालेल्या प्रत्येकाला हवेतला पूल उघड्यावर ओलांडावाच लागतो, वारा असो की पाऊस. आतून जोडणारा बंद रस्ता घालणं सोपं होतं आणि सोयीचंही. ते न केल्यानं आत शिरणारा कारकून, दुकानातली मुलगी, निवृत्त गृहस्थ, सगळे क्षणभर शहरावर उभे राहतात. ज्या पावसात पोरं खेळत होती, तो पाऊस लीनाबाईंनी इमारतीतून हद्दपार केला नाही. त्या शनिवाराला कोणी इतकी विश्वासू आणि इतकी अवाढव्य दाद दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तिसरा मनोरा पाण्याच्या टाकीचा, जवळपास सत्तर मीटर उंच. काँक्रीटची वर्तुळाकार कडी एकावर एक ओतत तो वर नेला आहे. प्रत्येक कडं ओतताना साच्याच्या सांध्यातून थोडं काँक्रीट बाहेर ओघळलं. ते तासून काढण्याऐवजी राहू दिलं, किंबहुना तसं यावं अशीच व्यवस्था केली. त्यामुळे दर मीटरभरावर दगडी झालरीसारखी एक खरखरीत किनार आली आहे. मेक्सिकोचे थोर वास्तुकार लुईस बारागान यांना लीनाबाईंनी या मनोऱ्यातून आदरांजली वाहिली. कारखान्याला शोभेल असं धुरांडंच ते वाटतं, आणि संकुलाचं जे बोधचिन्ह लीनाबाईंनी रेखाटलं, त्यात या धुरांड्यातून धुराऐवजी फुलं बाहेर पडतात. ओघळ ही गवंडीकामातली चूक समजली जाते. तिला इतक्या वेळा, इतक्या शिस्तीनं, इतक्या उंचीवर गिरवलं की तिचा दागिना होतो. कारागिराच्या हाताची खूण सत्तर मीटर उंच नेऊन ठेवणारी ही नजर कारागिरांत बसून कमावलेली आहे.

ती कमावली कशी, हेही वास्तूत वाचता येतं. काम चालू असताना लीनाबाईंनी आपली कचेरी बांधकामाच्या जागेवरच थाटली. सोबत आंद्रे वायनेर आणि मार्सेलो फेराझ हे दोन तरुण वास्तुकार. आराखडा शहरातल्या टेबलावर पुरा करून जागेवर धाडायचा, ही चाल त्यांनी सोडून दिली. प्रयोग जागेवर, गवंडी-सुतारांबरोबर. निर्णय कागदावर त्यानंतर. पहिल्या टप्प्याला १९७७ ते १९८२ ही वर्षं लागली आणि मनोरे पुरे व्हायला १९८६ उजाडलं. या सावकाशीचं फळ पन्हळीतल्या गोट्यांत, ठोकळ्यांच्या सांध्यांत, टाकीच्या किनारीत दिसतं. असे तपशील आधी ठरवून सुचत नाहीत. रोज जागेवर वावरणाऱ्यालाच ते सापडतात.

एक सूक्ष्म निर्णय डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सांगायला हवा. वरच्या मैदानांची उंची आणि मापं स्पर्धांच्या अधिकृत नियमांपेक्षा लीनाबाईंनी जाणूनबुजून कमी ठेवली. तिथे विक्रमी सामने होऊ नयेत, खेळ चालावा, ही इच्छा त्यामागे होती. त्याच न्यायानं संस्कृती हे भारदस्त लेबल दारावर लावायला त्यांनी विरोध केला. त्या शब्दानं साधा माणूस बिचकतो, असं त्यांचं म्हणणं. कारखाना हे नाव मात्र त्यांनी राहू दिलं. एखाद्या जागेचा मान वाढवायचा तर तिची उंची वाढवावी लागते, या समजुतीला दिलेलं इतकं शांत उत्तर मोजपट्टीखेरीज कोणाला कळणारही नाही, आणि तरी तिथे धापा टाकत खेळणाऱ्या प्रत्येक जाड, म्हाताऱ्या, नवख्या गड्याला त्याचा फायदा मिळतो.

पोंपेयाचा हा पहिला टप्पा खुला झाला ते १९८२ साल मुंबईकरांच्या लक्षात आहे ते वेगळ्या कारणानं. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे भोंगे हळूहळू कायमचे थांबले. पुढे जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे वाटे ठरवले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ च्या दुरुस्तीनं हे सूत्र फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतं उरलं, आणि शहराच्या वाट्याला येणारा हिस्सा आक्रसला. काही धुरांडी राखली गेली. त्यांच्या पायथ्याशी दुकानं आली. दोन शहरांचे कायदे, पैसे, माणसं वेगळी आहेत, आणि सेस्कच्या दीड टक्क्यासारखा न आटणारा झरा आपल्याकडे नव्हता. तरी पोंपेया पाहिल्यावर गिरणगावाच्या राखलेल्या धुरांड्याकडे पाहताना एक फरक ठळक होतो. तिथे राखला आहे आकार. पोंपेयात आकाराइतकीच तिथे येणाऱ्या लोकांची वहिवाट राखली गेली.

२०१५ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेनं या वास्तूला संरक्षण दिलं. तेव्हा मनोऱ्यांना पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. २०२१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकीनं लीनाबाईंना मरणोत्तर सुवर्णसिंह दिला. त्या १९९२ मध्येच गेल्या होत्या. हे मान रास्त आहेत, पण पोंपेयाची थोरवी समजायला ते लागत नाहीत. बंद इमारतींत प्राण फुंकायची भाषा आज सगळीकडे ऐकू येते, आणि त्या भाषेत एक गृहीत असतं, की जागा मेलेली आहे आणि तिला जिवंत करणारे आपण. लीनाबाई त्या शनिवारी गेल्या तेव्हा कारखाना बंद होता, जागा जिवंत होती. मुलं, आया, बाहुल्यांचे खेळ यांनी तिचा ताबा आधीच घेतला होता. पुढच्या दहा वर्षांतली प्रत्येक वीट, प्रत्येक फळी, प्रत्येक भगदाड हे त्या ताब्याला दिलेलं कायमचं पट्टापत्र आहे. रूपांतराच्या कलेतला हा सर्वांत मोठा धडा मला वाटतो: आराखडा काढण्यापूर्वी जागेवर सुट्टीच्या दिवशी जावं, तिथे कोण आलेलं आहे ते पाहावं, आणि त्यांना उठावं लागणार नाही असं बांधावं.